आक्कासाठी जोडलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या माणसानं कॅबिनेटला कान लावून ऐकलं, असं माझ्या अख्ख्या धंद्यात एकदाच घडलं. बाकीचे लोक काय करायचे? पडद्यावर बोट टेकवायचे, की-बोर्डची चार बटणं उगाच दाबून बघायचे, आणि मग इकडंतिकडं बघत मला विचारायचे, "मालक कवा येत्यात?" मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन समोर उभी असायचे, तरी मालक कवा येत्यात! सुरुवातीला मी शांतपणे सांगायचे, "मीच मालक." पुढं पुढं सांगायला लागले, "येतील. तोवर काय पाहिजे ते मला सांगून ठेवा." गिऱ्हाईक सगळं सांगायचं, मी कॉम्प्युटर जोडून द्यायचे, आणि मालक काही यायचे नाहीत.

सांगलीत माधवनगर रस्त्याला माझं दुकान होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली, त्यातल्या शेवटच्या वर्षांतली. तेव्हा कंपनीचा तयार कॉम्प्युटर मोठी ऑफिसंच घ्यायची. बाकी सगळे जोडून घेणारे. जोडून म्हणजे शिंप्याकडं कापड टाकतात तसंच. काम काय करायचंय ते गिऱ्हाईकानं सांगायचं, मी त्या मापाचे सुटे भाग पुण्याहून मागवायचे आणि दुकानात बसून एका डब्यात बसवायचे. माझे वडील माधवनगरच्या गिरणीत फिटर होते. यंत्राला घाबरायचं नाही, आधी उघडून बघायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आता तो धंदा राहिला नाही, दुकानही नाही. नातू खिशातल्या फोनवर गाणी करतो आणि मला विचारतो, आजी, तू नेमकं काय करायचीस? म्हणून हे लिहायला घेतलं.

गिऱ्हाईकं एकेक नग होती. हळदीच्या एका व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. उघडला की आतून पिवळाधमक, अगदी नवरदेवासारखा. मी ब्रशनं झाडून द्यायचे, आणि संध्याकाळी माझे हात बघून सासूबाई विचारायच्या, "आज कुणाचं लग्न होतं गं?" एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडं फ्लॉपीच्या फटीत मुंग्यांनी संसार थाटला होता. एका कारखान्याच्या कारकुनानं नव्या कॉम्प्युटरची पूजा केली, ते ठीक, पण नारळ फोडला तो कॅबिनेटच्याच कोपऱ्यावर. पाणी सरळ आत. मी चिडले की मागंपुढं बघायचे नाही. म्हटलं, "साहेब, आता आतली राख अंगारा म्हणून वाटा." तो बिचारा खरंच हात जोडून उभा राहिला, मग मलाच वाईट वाटलं.

पण कान लावणारं गिऱ्हाईक एकच. एका उन्हाळ्यात दुपारी दुकान रिकामं असताना सुभेदार आनंदराव आले. आमच्या भागात सैन्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. ताठ कणा, कडक इस्त्रीचा सदरा, आणि दारात थांबून आधी "मे आय कम इन?" काखेत एक लांबट काळं खोकं होतं.

"मालक नाहीत," मी सवयीनं बोलून गेले.

"मालक घिऊन काय करू? काम तुमी करताय न्हवं?" ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

"ताई, मला गाणं करायचा कॉम्प्युटर पायजे."

"गाणं ऐकायचा?"

"ऐकायला रेडू हाय की. करायचा."

सुभेदार शिराळ्याजवळच्या एका गावचे. ऊस, दोन म्हशी, आणि उभी हयात सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेलेली. ते क्लारनेट म्हणायचे. पुण्याला त्यांच्या बँडमधल्या एका मित्राच्या मुलानं त्यांना घरातला कॉम्प्युटर दाखवला होता. आधी एक वाद्य वाजवून साठवायचं. मग ते कानाला लावून ऐकत ऐकत त्याच्यावर दुसरं वाजवायचं, मग तिसरं. "एकटा गडी खोलीत बसला, आन चार वाद्यं वाजली, ताई! माझा इस्वास बसंना."

मी खरं ते सांगून टाकलं, असला कॉम्प्युटर मी कधी जोडलेला नाही. "मग शिकू की दोघं," ते म्हणाले. "मला पेन्शन हाय, टाइम हाय, आन तुमी मानूस म्हणून बऱ्या दिसताय."

लोकांना वाटतं, महागातला कॉम्प्युटर तो चांगला. ऑफिसच्या कामाला किती वेगाचा, एवढं बघितलं की भागायचं. गाण्याचं तसं नाही. आवाज म्हणजे बकासुर. एका सोसायटीची वर्षाची पत्रं मावतील एवढी जागा तो चार मिनिटांत गिळतो. म्हणून डिस्क मोठी लागते, मेमरी जास्त लागते. एवढं मी पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन करून करून शिकले आणि ऐटीत सुभेदारांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. आवाज किती करतोय?"

"स्पीकर तुम्ही म्हणाल तेवढे मोठे देते."

"स्पीकर न्हवं. डबा. डबा किती बोलतोय?"

हा प्रश्न मला कुणीच कधी विचारला नव्हता. दुकानात जोडून ठेवलेले चारपाच डबे होते, ते सगळे त्यांनी चालू करायला लावले. मग हा माणूस इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली उकिडवा बसला आणि एकेका डब्याला कान लावत पुढं सरकू लागला. "ह्यो खडखडतोय. ह्येचा पंखा बरा हाय, पर डिस्क दात वाजवती." एका डब्यापाशी थांबून त्यांनी खोक्यातून क्लॅरिनेट काढलं, एक सूर धरला आणि तोंड वाकडं केलं.

"न्हाई जमायचं. ह्यो काळी पाचला लागूनच, पर जरा खाली गुणगुणतोय. बेसूर मानूस शेजारी बसल्यागत. ह्येच्यासंगं आक्काला गाता यायचं न्हाई."

"आक्का कोण?"

"हाय एक," म्हणून त्यांनी विषय मिटवला. काळी पाच म्हणजे पेटीवरची एक काळी पट्टी, तिथं सा धरून गायचं, हे मला त्यांनीच मागाहून सांगितलं.

मी इरेला पेटले. तीन पंखे बदलले. पंख्याखाली नळाचे रबरी वायसर घातले, म्हणजे थरथर डब्यात उतरणार नाही. तारा लांबवल्या, म्हणजे डबा शेजारच्या खोलीत ठेवून पडदा आणि माइक पुढच्या खोलीत घेता येईल. शेवटी सुभेदारांनी कान लावला आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "आता झोपला." सांगली जिल्ह्यातला सगळ्यात गप्प कॉम्प्युटर मी जोडला, हे मी आजही ठणकावून सांगते.

मग आडवं आलं साउंड कार्ड. हा आतला एक तळहाताएवढा भाग, आवाज आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं काम त्याचं. मी नेहमीचं कार्ड बसवलं. सुभेदारांनी थोडं वाजवलं, साठलं, छान ऐकू आलं. मग ते ऐकत ऐकत दुसरं वाजवायला बसले, तर कॉम्प्युटर हटून बसला. ऐकवायला लावलं की साठवेना, साठवायला लावलं की ऐकवेना. मी खूप खटपट केली, मग पुण्याला फोन लावला. तेव्हा कळलं की तेव्हाची बरीचशी कार्डं तसलीच असायची. एका वेळी एकच काम.

"म्हंजे आमच्या वायरलेस सेटवानी," सुभेदार म्हणाले. "बोलताना ऐकायचं न्हाई, ऐकताना बोलायचं न्हाई. शेवटाला ओव्हर म्हणायचं."

"अगदी तसंच."

"मग असला नको, ताई. असला आमच्या घरात हाय."

दुसरं कार्ड आणलं, तेही तसंच निघालं. मी वैतागले. म्हटलं, "सुभेदार, एवढा कशाचा अट्टाहास? चार वाजवणारे गोळा करा, एका खोलीत बसा, माझ्या टेपवर मी घेऊन देते. तासाभरात काम." सुभेदारांनी खोक्यातलं फडकं काढलं. मग क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळता गुंडाळता त्यांनी सगळं सांगितलं.

ती तीन भावंडं. थोरली आक्का, मधले ज्ञानदेव म्हणजे दादा, धाकटे हे. वडील गावचे भजनी. त्यांनी स्वतः चाल लावलेलं एक भजन होतं. ते आक्का गायची, दादा पेटी धरायचे, आणि हे आधी पावा आणि मग सुट्टीवर आले की क्लॅरिनेट. तिघांचं लहानपण त्या एका गाण्यात गेलेलं. आक्का साताऱ्याकडच्या खंडाळ्याला दिली, तरी दर दिवाळीला माहेरी आली की पहिल्या संध्याकाळी ते व्हायचंच. मग एकदा सुभेदार सुट्टीवर आले, तर बांधावरचा आंबा तोडलेला. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर कलला होता म्हणून दादांनी तोडला.

"नुसत्या एका झाडापायी भांडलात?"

"झाडापायी न्हवं, ताई. न इचारता तोडलं, त्यापायी. मी एक बोललो, त्यो दोन बोलला. तवापासनं अबोला."

दोन चुली झाल्या, समोरासमोर दोन घरं झाली. आणि आक्काची पंचाईत झाली, आधी कुणाच्या घरी जायचं? एका दिवाळीला आधी दादाकडं गेली, तर सुभेदार दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवाळीला आधी सुभेदारांकडं उतरली, तर दादांनी तिच्यासाठी आणलेलं लुगडं गड्याच्या हाती पाठवून दिलं, स्वतः समोर आले नाहीत. त्यानंतर आक्का आलीच नाही. जाताना दोघांना सांगून गेली, "तुमची पेटी आन क्लारनेट एका जागी वाजलेली माझ्या कानानं ऐकंन, तवा यीन. तवर माझं म्हायार बंद."

"अजून आली न्हाई," सुभेदार म्हणाले. "आमी दोघं मिशा पिळत बसलोय, आन ती तिकडं दर दिवाळीला दार लावून घेती. भाचा सांगतोय. म्हातारी झालीया आता. ताई, मला आक्काला घरी आणायचीया. बाकी ह्या मशिनीत मला काय बी करायचं न्हाई."

"म्हणजे दोघं वेगवेगळे वाजवणार, आणि आक्कांना एकत्र ऐकवणार. सुभेदार, ही फसवणूक झाली."

"फसवणूक कशी? एकदा डेपुटेशनवर, चार दिसापुरती का हुईना, घरी आली, की पुढचं बघू."

मी त्याच दिवशी पुण्याला फोन करून व्यापाऱ्याला सांगितलं, बोलता बोलता ऐकणारं कार्ड मिळेल तिथून काढ, नाहीतर पुन्हा तुझ्याकडून एक स्क्रूसुद्धा घेणार नाही. कार्ड एस्टीच्या पार्सलनं आलं. बसवलं, आणि चाललं! फक्त वरून घेतलेला आवाज केसभर मागं पडायचा, तो माउसनं धरून पुढं सरकवावा लागायचा. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही सुभेदारांचं क्लॅरिनेट साठवलं. मग जीपमध्ये मागच्या बाकावर डबा, माझ्या मांडीवर मॉनिटर, अशी वरात शिराळ्याच्या रस्त्याला लागली.

दोन घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढी गल्ली. सुभेदार आपल्या उंबऱ्यावर थांबले. "हितनं फुडं माझी हद्द न्हाई. तुमी जावा." मी आणि जीपचा ड्रायव्हर सगळं सामान उचलून गल्लीपलीकडं गेलो. दादा सोप्यात बसले होते. भरदार माणूस, खांद्यावर टॉवेल, भुवया सुभेदारांच्याच. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. आक्कांसाठी तुमची पेटी यात घ्यायचीय, म्हटलं.

"त्येचं क्लारनेट हाय का आत?"

"आहे."

"म्हंजे आक्काला गंडवायचं."

"हो," मी म्हटलं. आता खोटं कशाला बोला.

दादांनी दाराबाहेर, समोरच्या उंबऱ्याकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "जमंल?"

मला हसू आलं. दोघांच्या मनात एकच होतं, आणि मधे बैलगाडीएवढी गल्ली.

दादांच्या घरच्या वहिनींनी पेटी आणून ठेवली. डबा माजघरात ठेवला. त्याच्यावर वहिनी प्रेमानं गोधडी टाकायला निघाल्या होत्या, तापेल म्हणून मी त्यांना थांबवलं. दादांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, सुभेदारांचं ऐकू यायला लागलं की तुम्ही सुरू करा. दादांनी डोळे मिटले. गाणं सुरू झालं, संपलं. बोटं पेटीवर नुसती पडून होती.

"दादा, वाजवा की."

"थांबा वो. आधी ऐकू तर द्या. रोज पलीकडनं परेडचं कायतरी ऐकू येतंय. हे आमचं हाय. हे कुठं वाजीवतोय त्यो आता? पुन्यांदा लावा."

पुन्हा लावलं. संपल्यावर दादा म्हणाले, "त्याला म्हणावं, दम लागतोय तुला. छाती तपासून घे म्हणावं."

सुभेदार समोरच्या उंबऱ्यावर डोळ्यांना दिसत होते. मी दारात जाऊन ओरडले, "सुभेदार, दादा म्हणतात, छाती तपासून घ्या!"

"त्यांना म्हणावं, तपासलीया. वय झालंय, दुसरं काय!"

मी वळले. "दादा, ते म्हणतात..."

"आलंय ऐकू," दादा म्हणाले आणि त्यांनी पेटीचा भाता उघडला.

त्यांनी वाजवलं. मधे एकदा लाइट गेली, ती येईपर्यंत आम्ही सगळे जागच्या जागी बसून राहिलो, जणू हललो तर गाणं सांडेल. मग शेवटपर्यंत झालं. मी दोन्ही आवाज जुळवले आणि स्पीकर लावला. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही. पण पेटी आणि क्लॅरिनेट एकदम ऐकू आलं, वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. समोरच्या घरात सुभेदारांची बायको दाराआडून ऐकत होती. सुभेदार मात्र पाठ करून उभे होते.

"दादा, मधे मधे वाद्यं इतकी बारीक का झाली? काही बिघडलं का माझं?"

"बिघडलं न्हाई, ताई. तितं आक्का गाती."

गाणं कॅसेटवर उतरवलं, कॉम्प्युटर सुभेदारांच्या घरी मांडून दिला, आणि कॅसेट त्यांच्या भाच्याच्या हाती खंडाळ्याला गेली. मग काहीच नाही. होकार नाही, नकार नाही. सुभेदार दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून दुकानात यायचे, माउस नीट चालत नाही म्हणायचे, आणि बसून राहायचे. पावसाळा सरला, नवरात्र गेलं. दिवाळी तोंडावर आली तसे ते यायचे बंद झाले. मी समजले, आक्का काही येत नाहीत.

आणि एका सकाळी दुकानात नऊवारीतली एक उंच म्हातारी शिरली. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. भुवया बघूनच मी ओळखलं.

"कॉम्प्युटरवाली तूच न्हवं?"

"हो, आक्का. बसा ना."

"बसत न्हाई. खंडाळ्यावनं सातारा, साताऱ्यावनं हितं, बसूनच आलीया." तिनं पिशवीतून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "हे वाजीवलं तवा दोघं एका जागी हुते?"

मी कॅसेट उचलून उगाच उलटीसुलटी करून बघितली.

"बोल की, बाय."

"नव्हते, आक्का."

"वाटलंच मला!" ती म्हणाली आणि मग बसली. "शेवटाला आनंदा कसा पळतोय, ऐकलंस? ल्हानपणापासनं पळतोय. शेवट दिसला की गोठा दिसलेल्या बैलागत सुटतोय. आन दादा? दादा मुकाट त्येच्या मागनं पळतोय! आगं, दादा म्होरं बसला असता तर तितंच पेटी थांबवून वराडला असता. त्येला कवाच खपलं न्हाई ते. पयल्या बारीलाच मी म्हटलं, एवढं पळून बी दादा गप? ही दोघं एका खोलीत न्हाईत."

मी पंखे बदलले होते, वायसर घातले होते, केसभर मागं पडलेला आवाज सरकवून जागेवर बसवला होता. यात एकही चूक म्हातारीला सापडली नाही. तिला सापडलं ते एवढंच, की यात भांडण नाही. मी कपाळाला हात लावला.

"मग आलात कशा?" मी विचारलं.

"कशी म्हंजे? दोघं मिळून एका कामाला तरी लागली. खोटं बोलायला का हुईना, एकत्र आली." तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक. "बोलीव दोघांस्नी. वाद्यं घिऊन या म्हणावं. गावात मी जायची न्हाई. गेले की पयल्यांदा कुणाचं दार, ते आलंच."

मी सुभेदारांना फोन लावला. आक्का दुकानात आल्यात, म्हटलं. पलीकडून "येस, रिपोर्ट करतो" एवढंच आलं. दादांनाही सांगा, म्हटलं, तर विचारतात, "सांगू कसं?" माझं डोकं फिरलं. "गल्ली ओलांडा आणि सांगा!" तरी त्यांनी बायकोलाच पाठवलं, हे मला नंतर कळलं. तोवर आक्कानं माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि माझ्या माहेरची सगळी चौकशी केली.

दुपारी जीप आली. एक पुढं बसलेला, एक मागं. शिराळ्यापासून सांगलीपर्यंत एक शब्द नाही, ड्रायव्हरनंच सांगितलं. दोघं आत आले, दोघांनी वाकून आक्काचे पाय धरले, पण एकाचं झाल्यावर दुसऱ्यानं. आक्कानं दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मॉनिटरच्या दोन खोक्यांकडं बोट केलं. "बसा."

बसले. दादांनी पेटी मांडीवर घेतली. "ताई, त्याला म्हणावं, सूर दे."

"ताई, त्यांना म्हणावं, देतो."

मी हळूच कॉम्प्युटर चालू केला, माइक पुढं सरकवला. म्हटलं, हे तरी खरं साठवून घेऊ. आक्कानं मान वळवली. "ते घुरघुर बंद कर. सुरात बोट घालतंय." मी निमूट बंद केला.

सुरू झालं. सुरुवातीला दोघं पाहुण्यांसारखे वाजवत होते, तू आधी, तू आधी करत. मग हळूहळू बोटं सैल झाली. आक्का डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. सुभेदारांच्या कपाळावर घाम आला होता, मिशी भिजली होती. गाणं शेवटाकडं वळलं, आणि सुभेदार सुटले.

दादांनी खाडकन भाता मिटला. "आरं हळू की! कुठं आग लागलीया?"

सुभेदारांच्या तोंडातून क्लॅरिनेट खाली आलं. मला वाटलं, झालं, आता उठून जातात. तर हा सुभेदार, बँड चालवलेला माणूस, खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, दादा."

"पयल्यापासनं घे."

"व्हय."

पहिल्यापासून सुरू झालं, आणि या वेळी आक्का गायली. आवाज फाटलेला होता, वर जाताना दोनदा अडकला, तिथं पेटीनं धरून नेला. गाणं संपलं तेव्हा दाराबाहेर रस्त्यावरचे सातआठ लोक उभे होते आणि आम्ही आत चौघं रडत होतो. दादा तर टॉवेल तोंडावर घेऊन हुंदके देत होते.

आक्कानं डोळे पुसले, पिशवी उचलली. "चला. कुठाय तुमची जीप?"

"आधी दादाच्या घरी जाऊ," सुभेदार म्हणाले.

"आधी ह्येच्या घरी," दादा म्हणाले. "मशीन त्येनं घेतलीया, वणवण त्येनं केलीया. मान त्येचा."

"थोरला तू हायस."

"थोरला हाय म्हणूनच सांगतोय, गप बस!"

"न्हाई बसत गप! एवढी वर्सं बसलो न्हवं गप?"

"मग आंब्याचं बी आत्ताच काढ! काढ की!"

"काढतोच! इचारायला काय झालं हुतं तुला?"

आवाज चढले. रस्त्यावरचे लोक आणखी जवळ आले. मी घाबरले, इतकं सगळं जुळून आलं आणि पुन्हा मोडतंय की काय. मधे पडायला पुढं झाले, तर आक्कानं माझा हात धरला आणि मला खाली ओढलं. पिशवी मांडीवर घेऊन ती रिकाम्या झालेल्या खोक्यावर बसली होती.

"बस, बाय. भांडू दे त्यास्नी," ती म्हणाली. "लय वर्सांनी ऐकतीया."